सावळा मिस्त्रीच्या चार चाकोऱ्या

आमच्या चाकणची वेशीतली आळी बघायला आता लोक येतात. पुण्याहून येतात, कॉलेजांच्या सहली येतात. महाळुंग्यापर्यंत कारखाने पसरले, जिकडे तिकडे पत्र्याच्या शेड झाल्या, त्यात एवढी एक दगडी आळी उरली म्हणून त्यांना तिचं अप्रूप. दाखवायला मला बोलावतात. मी वेशीपासून सुरुवात करतो. आधी कमान, मग चावडी, मग तालीम, आणि शेवटी आतल्या टोकाची बारव. कुणीतरी विचारतंच, "किती जुनं आहे हो हे सगळं?"

मी सांगतो, "दगड तीनशे वर्षांचे असतील. चुना माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षाचा आहे."

लोक हसतात. म्हातारा गंमत करतोय असं त्यांना वाटतं. गंमत नाही. पन्नासच्या दशकात ही आळी एकदा पूर्ण जळाली आणि पुन्हा दगडावर दगड ठेवून उभी केली. ती उभी केली सावळा मिस्त्री नावाच्या गवंड्याने. चांगुलपणाने नव्हे, मारून, मार खाऊन उभी केली. या चारांतल्या तीन जागी त्या माणसाने कुणाचं ना कुणाचं रक्त काढलेलं मी पाहिलं आहे. एकदा ते माझंच होतं.

मी तेव्हा नुकता बी.ए. झालो होतो. आमच्या घराण्यात सहीच्या जागी अंगठा उठवणं मी थांबवलं. माझा बाप नगरकडच्या गावात दुसऱ्याची मोट हाकायचा. हे मी तेव्हाही छाती काढून सांगत असे, आजही सांगतो. चाकणच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो, आणि वर्षाच्या आत आळी जळाली. बांधणीसाठी गावाने समिती केली. कलेक्टर कचेरीला इंग्रजीत लिहिणारा, नकाशा काढणारा माणूस हवा होता. तो मी.

आगीची गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर मिस्त्री कळायचा नाही. चैत्रातली दुपार. आतल्या टोकाला कडब्याची गंज पेटली. बाहेरून पाण्याची पिंपं भरलेली बैलगाडी आत निघाली, आणि आतून एक घर आपलं सामान गाडीत भरून बाहेर निघालं. आळीच्या मधोमध दोन गाड्या समोरासमोर आल्या. दोन्ही बाजूंनी घरांचे ओटे पुढे आलेले, वाट एकाच गाडीची. बैल धुराला बुजले, जोखडं एकमेकांत अडकली. ना पाणी आत गेलं, ना माणसं बाहेर आली. मिस्त्रीची लेक हौसा आतल्या टोकाच्या घरात दिलेली होती. ती आणि तिची सासू दारातच जळालेल्या सापडल्या.

तेव्हापासून मिस्त्रीचं एकच म्हणणं. मूळची आळी दोन गाड्यांची होती, ती दोन गाड्यांचीच बांधायची. समितीत त्याने दुसरं वाक्य कधी उच्चारलं नाही.

दिसायला असा, की पुन्हा बघू नये. काळा, ठेंगणा, मान खांद्यात रुतलेली, आणि मनगटं माझ्या पोटऱ्यांएवढी. कमरेला करगोट्यात खोचलेला लहान हातोडा. कुठल्याही भिंतीपाशी गेला की म्हणायचा, "दगडाला इचारू या." मग हातोड्याची एक टिचकी मारायचा आणि मान तिरपी करून ऐकायचा. दगड खणखणला तर पुढे जायचा. बद्द वाजला तर शिवी. शिवीही दगडाला नाही, बसवणाऱ्याला, त्याच्या आईबापासकट.

आणखी एक खोड होती. तो कुठल्याही ओट्यावर बसत नसे. "बसा मिस्त्री," म्हणून कुणी हात धरला तरी हात झटकायचा. भाकरी उभ्याने खायचा, चहा उभ्याने प्यायचा. मला वाटायचं, माणूस मग्रूर आहे.

चावडीचं काम समितीने एका ठेकेदाराला दिलं होतं. त्याच्या मुकादमाने पंधरा दिवसांत भिंत छातीपर्यंत आणली. एका सकाळी मी तिथे मोजमाप लिहीत होतो. मिस्त्री आला.

"दगडाला इचारू या."

टिचकी. मान तिरपी. पुन्हा टिचकी.

"बीए," तो मला म्हणाला. मला तो मास्तर म्हणत नसे, बीए म्हणे, आणि ते कौतुकाने नसे. "बीए, जरा मागं सर."

मी सरलो म्हणून वाचलो. शेजारच्या मजुराच्या हातातला घण त्याने हिसकला आणि भिंतीच्या पोटात घातला. तिसऱ्या घावाला भिंतीचं पोट सुटलं आणि सगळी ओळ धडाधड खाली आली. आत चुना नव्हताच. नुसता चिखल, वर दर्शनी भागाला चुन्याचा हात फिरवलेला.

मुकादम शिव्या देत धावला आणि त्याने फावड्याचा वार केला. मिस्त्रीचा डावा कान अर्धा फाटून लोंबला. मिस्त्रीने कानाला हातही लावला नाही. त्याने मुकादमाची मान पकडली, त्याला गुडघ्यावर आणला आणि त्याचं तोंड त्या चिखलात दाबलं.

"चुना हाय न्हवं ह्यो? तू लिवून दिलंयस चुना म्हून. खा. खा की मायला!"

मुकादम पाय झाडत होता. चार माणसांनी मिस्त्रीला ओढून काढलं. मुकादमाने ओकारी काढली, त्यात चिखलाबरोबर एक दात पडला. मिस्त्री तो दात बघत म्हणाला, "ह्यो बी पोकळच." मजूर हसले. मला हसू आलं नाही. माझ्या वहीत त्या भिंतीचं माप 'चुन्यातील बांधकाम' म्हणून लिहिलेलं होतं. मीच लिहिलं होतं, न बघता.

आज चावडीची जी भिंत पाहुणे हाताने थोपटतात, ती त्याने नंतर स्वतः बांधली. गूळ आणि हिरड्याचं पाणी घातलेला चुना बैलाच्या घाणीत, दगडी चाकाखाली मळून. घाणीचा बैल दमला की स्वतः दांड्याला लागायचा. कानाला हळद चोपडून फडकं बांधलेलं. तो कान पुढे तसाच वेडावाकडा जुळला, आणि तेव्हापासून तो ऐकायला उजवीकडे मान कलती करू लागला.

आता माझ्या रक्ताची गोष्ट.

वेशीची कमान आगीनंतर तडकली होती. मिस्त्रीने ती दगड-दगड सोडवून मैदानात ओळीने मांडून ठेवली. प्रत्येक दगडावर गेरूने खुणा केलेल्या. मासा, नांगर, चंद्र, बाभळीचा काटा, बाईचा डोळा. मला ती रेघोट्या-चित्रं वाटली. एका रविवारी मी बादली आणि चिंध्या घेऊन बसलो, सगळे दगड धुऊन स्वच्छ केले आणि पांढऱ्या रंगाने देवनागरी आकडे घातले. एक, दोन, तीन. दिवसभर राबलो. संध्याकाळी वाटलं, या अडाणी कामाला आज शिस्त लागली. शिकलेला माणूस यासाठीच लागतो.

सोमवारी मिस्त्री आला. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. परत आला.

"ह्ये कुनी केलं?"

"मी," मी म्हणालो. "आता क्रमांक आहेत. चूक व्हायला नको."

"कशाचा क्रमांक?"

"जसे मांडले होते तसे."

"मांडलं हुतं वजनानं रं! खालचं जड इकडं, वरचं हलकं तिकडं. जागा त्या खुणंत हुती." त्याचा आवाज चढला नव्हता. "कुठला दगूड कुठल्या बाजूचा, आळीकडं त्वांड कुनाचं, समदं त्यात हुतं."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्याची थप्पड बसली. मी आडवा झालो. ओठ दातात चिरला, सदरा रक्ताने भिजला. उठू लागलो तशी दुसरी बसली. तिसऱ्यासाठी त्याने हात उचलला, आणि तो हात हवेतच राहिला. मग त्याने तो हात शेजारच्या दगडावर आपटला, दोनदा, बोटांची सालं निघेपर्यंत.

"तुझ्या बापानं तुला लिवाय शिकीवलं," तो म्हणाला, "आता वाचाय शीक."

मला बापावरून बोललेलं सहन होत नसे. पण हा माणूस बापाविषयी नव्हे, वाचण्याविषयी बोलत होता.

माझ्या त्या चुकीची खरी किंमत पुढे कळली. समितीचे अध्यक्ष रावजीशेट. आळीत सगळ्यांत मोठा ओटा त्यांचा, आळीच्या पोटात तीन हात आलेला. मला ते चारचौघांत "आमचे बीए" म्हणत, खुर्ची देत. खरं सांगायचं तर ती खुर्ची मला आवडायची. मिस्त्री म्हणत असे, वेशीच्या खालच्या थराचे दगड जागेवर बसवले की त्यांच्या कडेवरून मूळ आळीची रेघ निघते, आणि ती रेघ रावजीशेटच्या ओट्याच्या आतून जाते. आता खुणाच गेल्या होत्या, आणि ज्या म्हाताऱ्यांना जुनी आळी आठवत होती त्यांचेही ओटे पुढे आलेले.

बैठकीत रावजीशेट शांतपणे म्हणाले, "मिस्त्री, कशावरून दोन गाड्यांची? दाखवा ना. आमचे बीए आहेत, ते नकाशात घेतील."

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी नकाशात पाहिलं. नकाशात ओटा होता तसाच मी काढला होता.

"दावतो," मिस्त्री म्हणाला. "दगडाला इचारू या."

दुसऱ्या दिवशी शनिवार, बाजाराचा दिवस. आळी माणसांनी भरलेली. मिस्त्री भर बाजारात घण घेऊन रावजीशेटच्या ओट्यापुढे उभा राहिला. आधी त्याने आळीच्या मधली माती कुदळीने खणली. हातभर खाली जुनी फरसबंदी लागली, आणि तिच्यात गाडीच्या चाकांनी पिढ्यान्‌पिढ्या कोरलेल्या दोन खोल चाकोऱ्या. मग त्याच फरशीवर, हातभर अंतराने, तिसरी. ती ओट्याच्या अगदी कडेला लागून चालली होती.

लोक वाकून बघू लागले. कुणीतरी म्हणालं, "मंग चवथी कुठं हाय?"

"चवथी शेटच्या ओट्याखाली हाय," मिस्त्री म्हणाला आणि त्याने घण उचलला.

रावजीशेटचा थोरला नथू तालमीतला पैलवान. तो समोरच्या तालमीतून लंगोटावरच आला, बरोबर दोन जोडीदार. तोवर ओट्याचा कोपरा उडाला होता. नथूने मिस्त्रीला मागून उचलून तालमीच्या भिंतीवर आपटलं. दोघांनी त्याचा उजवा हात ओट्याच्या दगडावर धरला, आणि नथूने मिस्त्रीच्याच कमरेचा हातोडा काढला.

"ह्याच हातानं फोडतोस न्हवं?"

हातोडा तीनदा पडला. दगडावर हातोडा पडल्याचा आवाज मला रोजचा झाला होता. हा तसा नव्हता. मिस्त्री ओरडला नाही. घशातून नुसता श्वास निघाला, भाता दाबल्यासारखा. मी दहा पावलांवर होतो, काखेत नकाशाची गुंडाळी. मी पुढे गेलो नाही. हे मी कुठेही सांगताना वगळत नाही.

ते सोडून मागे फिरले तेवढ्यात मिस्त्रीने डाव्या हाताने खालचा घण ओढला आणि बसल्या जागेवरून आडवा फिरवला. तो नथूच्या गुडघ्यावर बसला. वाटी फुटल्याचा आवाज सगळ्या बाजाराने ऐकला. नथू पडला तो किंचाळतच. त्यानंतर तो कधी आखाड्यात उतरला नाही.

दोघांना एकाच ट्रकमध्ये घालून पुण्याला नेलं. ट्रक हलला तरी मिस्त्री ओरडत होता, "बीए! ओटा काढ! खाली बघ!"

आळीत कुणी हललं नाही. मग हौसाचा नवरा, इतके महिने कुणाशी न बोललेला माणूस, पुढे झाला आणि कोपऱ्याचा सुटलेला दगड त्याने पहारीने उलथवला. मग आणखी दोघं आले. मग मी. दगडाखाली मातीने भरलेली, बोटं घालून उकरावी लागली अशी चौथी चाकोरी होती.

आणि उलथलेल्या दगडाच्या आतल्या अंगाला टाकीने कोरलेला एक विंचू होता. गवंडी आपलं काम ओळखू यावं म्हणून दगडावर आपापली खूण कोरतात. विंचवाची खूण कुणाची हे आळीत कुणाला विचारावं लागलं नाही. मिस्त्रीच्या हातोड्याच्या दांड्यावरही तोच विंचू होता.

मी पुण्याला दवाखान्यात त्याला भेटायला गेलो. उजव्या हाताची दोन बोटं काढली होती.

"घावली?" त्याने विचारलं.

"सापडली. चार आहेत. चारही."

मी विंचवाचं विचारू की नको, या विचारात होतो. तोच बोलला.

"वीस वरसं झाली. रावजीच्या बापानं सांगितलं, ओटा पुढं घे. म्या म्हनलं, आळी आवळंल. तो म्हनला, तुला काय करायचंय, तू बांध. बांधला. लई झ्याक बांधला. त्येचं बघून बाकीच्यांनी बांधून घेतलं, समदं माझ्याच हातनं." मग म्हणाला, "हौसाला त्याच आळीत दिली."

तेव्हा मला कळलं तो ओट्यावर का बसत नव्हता.

परतल्यावर मी जुना नकाशा समितीसमोर फाडला आणि चार चाकोऱ्यांचा नवा ठेवला. रावजीशेट म्हणाले, "बीए, खाल्ल्या खुर्चीला जागला नाहीत." मी म्हणालो, "खुर्चीवर बसतात, शेट. खात नाहीत." त्या आठवड्यात माझ्या खोलीची कौलं दगडांनी फुटली आणि एक दगड माझ्या खांद्यावर बसला. पण बाजाराने चाकोऱ्या पाहिल्या होत्या. ओटे एकेक करून मागे गेले.

मिस्त्री तीन आठवड्यांनी परत आला. नथूच्या गुडघ्याचा खटला त्याच्यावर लागला होता, नथूवर त्याच्या हाताचा. खेडच्या कोर्टात तारीख पडली की निरोप यायचा. तीन तारखा त्याने चुकवल्या. म्हणायचा, "कमान बसल्याबिगर मी कुठं जात न्हाई." डाव्या हातात हातोडा घेऊन एकेक दगड वाजवत, उजवीकडे मान कलती करून, खुणांशिवाय त्याने त्या कमानीची जुळणी काढली. चुकला की दगड उतरवायचा, स्वतःच्या कपाळावर मूठ मारायचा, पुन्हा चढवायचा. पिंपरीला तेव्हा मोठा कारखाना बांधत होते, सिमेंटच्या कामाला दुप्पट मजुरी. त्याचे निम्मे गवंडी तिकडे पळाले. एकाला त्याने पळताना गाठून दगड मारला, मग स्वतःच त्याच्या डोक्याला पाणी लावत बसला.

विंचवाचा दगड त्याने टाकू दिला नाही. "खूण वर करून वाटंत बशिव," हौसाच्या नवऱ्याला म्हणाला. "चाकं जाऊ देत त्येच्यावरनं."

कमान पुरी झाली त्या सकाळी खालचा लाकडी साचा काढायचा होता. गवंड्यांची रीत अशी की साचा काढताना बांधणाऱ्याने कमानीखाली उभं राहायचं. चुकलं असेल तर पहिलं त्याच्या डोक्यावर. मिस्त्री जाऊन उभा राहिला. मग वळला.

"बीए, हिकडं ये."

"मी?"

"खुना कुनी पुसल्या?"

मी गेलो. सगळं गाव बघत होतं. पाचरी ठोकून काढल्या. साचा करकरला, निसटला. माथ्यावरून चुन्याची भुकटी आमच्या केसांत पडली. वर दगड एकमेकांवर रेलले, तसा एक दबका आवाज सबंध कमानीतून फिरला. मिस्त्रीने मान तिरपी केली.

"बोलला," तो म्हणाला, आणि माझ्या दुखऱ्या खांद्यावर त्याने असा हात हाणला की मी खाली बसलो.

त्याच दुपारी पोलिसांची जीप वॉरंट घेऊन आली. पुढे त्याला शिक्षा झाली. सुटल्यावर तो चाकणला फिरकला नाही. भोसरीकडे कुठे काम करताना दिसला असं कुणी म्हणे, कुणी तळेगावचं नाव घेई. मी दोन्हीकडे शोधलं. म्हणून जी शेवटची आठवण आहे ती त्या दुपारचीच.

तो बारवेवर हातपाय धूत होता. पोलिसांना म्हणाला, "चला," आणि जीपच्या मागे जाऊन बसला. जीप आतल्या टोकाकडून वेशीकडे निघाली. त्याच वेळी कमानीतून कांद्याच्या पोत्यांनी भरलेली बैलगाडी आत शिरली. आळीच्या मधोमध दोघं समोरासमोर आले. तीच जागा. ड्रायव्हरने सवयीने ब्रेक मारला. गाडीवाल्याने कासरा ओढला. दारादारांतून माणसं बाहेर आली.

मागून मिस्त्रीचा आवाज आला. "थांबलास का रं? चल की!"

ड्रायव्हरने गिअर टाकला. गाडीवाल्याने बैलांना हाकारा दिला. जीप डावीकडून निघाली, गाडी उजवीकडून, आणि मधे वितभर जागा राहिली. जीपचं मागचं चाक विंचवाच्या दगडावरून गेलं. मिस्त्रीने तिकडे पाहिलं नाही. त्याने तो तीन बोटांचा उजवा हात जीपच्या बाहेर काढला, जवळून सरकणाऱ्या गाडीच्या लाकडी कठड्यावर एक टिचकी मारली, आणि मान तिरपी करून ऐकत कमानीतून बाहेर गेला.